घरात आणखी एक संडास: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सकाळी सहा ते आठ एकाच दारासमोर घरातली पाच-सहा माणसं खोळंबतात. रात्री म्हाताऱ्या माणसांना उठून लांबवर जावं लागतं. या अंकातली बरीचशी पत्रं या दोन अडचणींतून आली आहेत. बहुतेकांनी जागा ठरवली आहे, काहींनी टाइल्ससुद्धा पसंत केल्या आहेत. मैला कुठल्या पाइपाने कुठे जाणार, हे मात्र शेवटावर ठेवलं आहे. क्रम उलटा हवा. आधी पाइप, मग जागा, टाइल्स सगळ्यात शेवटी.

प्रश्न: तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. माणसं सहा, संडास एक. बेडरूमच्या कोपऱ्यात ४ बाय ५ फुटांचा दुसरा संडास काढायचा आहे. सोसायटीचा उभा पाइप तिथून भिंतीकडेने ११ फुटांवर आहे. कंत्राटदार म्हणतो, सहा इंच फरशी उचलू, काम होऊन जाईल. करावं का? (ठाणे)

उत्तर: जागा पुरेशी आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे नुसत्या संडासाला किमान १.१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३ बाय ४ फूट, लागतात. खरा प्रश्न उताराचा आहे.

मैल्याचा पाइप ११० मिमीचा, म्हणजे बोलीतला चार इंची. त्याला चाळीसास एक, म्हणजे चाळीस फूट लांबीला एक फूट, उतार द्यावा; साठास एकपेक्षा कमी नकोच. उतार कमी पडला की पाणी पुढे निघून जातं, घट्ट भाग मागे राहतो आणि काही महिन्यांत पाइप चोंदतो. तुमच्या ११ फुटांना चाळीसास एक धरला तर ३.३ इंच उतार लागेल. हा पाइप फरशीखाली घालायचा तर पाइपाची जाडी साडेचार इंच, त्यात उताराचे तीन-साडेतीन, वर कोबा आणि टाइल. बेरीज नऊ-दहा इंचांवर जाते. सहा इंचांत हे बसणार नाही. कंत्राटदार बसवून देतो म्हणत असेल तर तो उतार खाणार आहे.

यावर चांगला उपाय आहे. पाइप फरशीखालून नेऊच नका, फरशीच्या वरून भिंतीलगत न्या. त्यासाठी कमोड पी ट्रॅपचं घ्यावं, म्हणजे ज्याचं तोंड मागे भिंतीकडे असतं ते. या तोंडाचा मध्य तयार फरशीपासून साधारण १८० मिमी वर असतो. पाइपाचं बूड तिथे १२५ मिमीवर येतं. चाळीसास एक उताराने ते फरशीला टेकायला पाच मीटर लागतात. तुम्हाला लागतात साडेतीनपेक्षाही कमी. भिंतीत अडकवायचं कमोड घेतलं तर आणखी दीड-दोन इंच हाताशी येतात. पाइपावर विटांचा किंवा सिमेंट बोर्डाचा सात-आठ इंच रुंद कट्टा करून वर ग्रॅनाइट टाकलं की तो फळीसारखा वापरता येतो. प्रत्येक वळणाला ९० अंशाचा एक बेंड न लावता ४५ अंशाचे दोन लावा आणि तिथे साफसफाईचं दार असलेला तुकडाच घाला. कट्ट्यातही त्या जागी उघडता येणारी झडप ठेवा. टाइल लावून दार बुजवून टाकणं हा या कामातला सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे.

उरते नहाणी. फरशी धुतल्याचं पाणी जायला नहाणी ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी धरून वास अडवणारा तुकडा, लागतो आणि तो फरशीच्या आत चार-पाच इंच खोली मागतो. म्हणून एवढ्या संडासापुरती फरशी पाच-सहा इंच उचलावी लागते, पण ती नहाणीसाठी, मैल्यासाठी नव्हे. कमोडचं माप मग या उचललेल्या फरशीपासून धरायचं, म्हणजे तेवढी उंची आणखी मिळते. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी साठून राहिलं पाहिजे. उंची वाचवायला बाजारात मिळणारे उथळ ट्रॅप घेऊ नका. त्यांतलं पाणी सुकतं आणि वास सरळ बेडरूममध्ये येतो.

भर कशाची घालता याला महत्त्व आहे. विटांच्या तुकड्यांचा सहा इंची कोबा तुमच्या ४ बाय ५ फुटांत सुमारे साडेपाचशे किलो होतो. तीच भर हलक्या एएसी ब्लॉकच्या तुकड्यांची केली तर १७०-१८० किलोंत भागतं. बाल्कनीत संडास काढण्याचा मोह अनेकांना होतो, कारण उभा पाइप तिथून जवळ असतो. बाल्कनीचा स्लॅब एका बाजूने अधांतरी असतो. त्याच्यावर भर आणि भिंती चढवू नका.

वॉटरप्रूफिंग दोनदा करायचं: एकदा मूळ स्लॅबवर, एकदा भरीच्या वर. मूळ फरशी काढून स्लॅब घासून धुवा, पाइपांभोवतीच्या फटी न आकसणाऱ्या ग्राउटने भरा, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटच्या गोल वाटा मारा, मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा, भिंतीवर किमान फूटभर चढवून. शॉवर असेल तर त्या भिंतीला सहा फुटांपर्यंत. नंतर दोन इंच पाणी भरून ४८ तास ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. ही चाचणी दोन्ही थरांनंतर वेगवेगळी घ्या. भरीच्या तळाशी, सर्वांत खोलगट जागी, २० मिमीची एक नळी डक्टमध्ये काढून ठेवा. पुढे कधी भरीत पाणी मुरलं तर ते नळीतून ठिबकेल आणि शेजाऱ्याच्या छतावर डाग पडण्याआधी तुम्हाला कळेल.

आता परवानगी. तुमच्या कोपऱ्याखाली कुणाची तरी बेडरूम असणार. संहितेप्रमाणे संडास फक्त संडास, न्हाणीघर, धुण्याची जागा किंवा गच्ची यांच्यावर असावा. इतर खोलीवर घ्यायचा तर फरशी पूर्ण जलरोधक हवी. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र जोडा, महापालिकेची मंजुरी लागते का हे परवानाधारक आर्किटेक्टकडून तपासून घ्या, आणि खालच्या कुटुंबाशी स्वतः जाऊन बोला. स्लॅबला किंवा तुळईला भोक पाडायचं नाही. हवेसाठी ०.३७ चौरस मीटरची, म्हणजे साधारण २ बाय २ फुटांची, बाहेर उघडणारी खिडकी हवी.

उभा पाइप जुना बीडाचा असेल तर जोड सोपा नसतो. एक लांबी कापून काढावी लागते, मधे वाय आकाराचा तुकडा आणि दोन्ही टोकांना जोडसांधे घालावे लागतात. तेवढे तास वरच्या सगळ्या मजल्यांचे संडास बंद राहतात. आदल्या दिवशी नोटीस लावा आणि काम सकाळी दहानंतर सुरू करा.

प्रश्न: दुसरं कमोड बसवल्यापासून त्याचा फ्लश ओढला की बाथरूमच्या नहाणीत गुडगुड होते आणि नंतर वास येतो. प्लंबर म्हणतो नहाणी बदला. (कोल्हापूर)

उत्तर: नहाणी बदलून काही होणार नाही. फ्लशचं पाणी पाइप भरून खाली जातं तेव्हा मागे हवा कमी पडते आणि ती नहाणीतल्या पाण्यातून ओढली जाते, गुडगुड त्याचीच. त्या ओढीत ट्रॅपमधलं पाणीही जातं आणि वासाला वाट मोकळी होते. उभा पाइप छताच्या वर उघडा आहे का ते आधी बघा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी तो कापून बुजवलेला असणं फार सर्रास आढळतं. तो उघडा असेल, तर नव्या कमोडच्या जोडाजवळून ५० मिमीचा हवेचा पाइप काढून उभ्या पाइपाला वरच्या बाजूला जोडा. नहाणीचा पाइप कमोडच्या आडव्या पाइपात जोडलेला असेल तर तोही वेगळा करा.

प्रश्न: जुन्या वाड्यात मागच्या मोरीत पुरुषांसाठी युरिनल बसवायचं आहे. घरात आजोबा, वडील, दोन मुलं. कमोडच्या कडा आणि फरशी सतत खराब होते, साफ मात्र घरातल्या बायकांनाच करावं लागतं. मोरीचं पाणी मागच्या उघड्या गटारात जातं, त्यालाच जोडलं तर चालेल का? (सातारा)

उत्तर: युरिनल बसवायचं कारण अगदी रास्त आहे. गटाराला जोडणं मात्र चालणार नाही. लघवी हे मैलापाणी धरलं जातं. ती संडासाच्या चेंबरला किंवा सेप्टिक टाकीलाच गेली पाहिजे. उघड्या गटारात सोडली तर दुपारच्या उन्हात सगळ्या आळीला त्रास.

जागा दोन फूट रुंद आणि उभं राहायला समोर दोन फूट मोकळी हवी. भांड्याची पुढची कड मोठ्यांसाठी फरशीपासून २४ इंचांवर ठेवा. मुलं लहान असतील तर कड १७-१८ इंचांवर असलेलं दुसरं भांडं लावण्यापेक्षा सहा इंचांची घट्ट, न सरकणारी पायरी ठेवलेली बरी. मुलं वाढली की काढता येते. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना साडेचार फुटांपर्यंत टाइल्स लावा. खालच्या फरशीला नहाणीकडे फुटाला पाव इंच उतार द्या. संगमरवर किंवा शहाबादी तिथे नको, दोन्ही डाग धरतात.

पाइप ५० मिमीचा घ्या. पाण्याच्या हिशोबाने कमी चालला असता, पण युरिनलचा पाइप वापरता वापरता आतून अरुंद होत जातो. लघवीतला युरिया जिवाणू फोडतात, अमोनिया सुटतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि मग त्यातले मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार पाइपाच्या भिंतीवर धरतात. जंतुसंसर्गाने होणाऱ्या एका प्रकारच्या मुतखड्यात हेच क्षार असतात आणि तो याच रीतीने तयार होतो. थोडक्यात, पाइपाला मुतखडा होतो. त्यामुळे चार गोष्टी पाळा. आडवी धाव शक्य तेवढी आखूड ठेवा. उतार चाळीसास एकपेक्षा कमी नको. प्रत्येक वळणाला साफसफाईचं दार ठेवा. आणि बाटली ट्रॅप प्लास्टिकचा, हाताने उघडता येणारा घ्या. चकचकीत क्रोम दिलेल्या पितळी ट्रॅपला अमोनिया खातो.

पाणी कमी घालण्याकडे घरोघरी कल असतो. दर वापराला लिटरभर तरी पाणी जाऊ द्या. पुश कॉक लावला तर तो दाबायला लागणारा जोर आजोबांच्या अंगठ्याला झेपतो ना, हे दुकानातच त्यांना दाबायला लावून बघा.

वास लपवायला डांबरगोळ्या टाकू नका. दर आठवड्याला लिटरभर गरम पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून रात्री ओता आणि सकाळी बादलीभर पाण्याने धुवा. क्षार कोवळे असतील तर एवढ्याने सुटतात. तीव्र अ‍ॅसिडने टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट जातं. एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा: अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येता कामा नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. लघवी साचलेल्या जागीही ब्लीचिंग टाकू नका. अमोनियाशी मिळून त्याचेही विषारी वायू होतात. मोरी बंदिस्त असेल तर हा धोका दुप्पट.

साफसफाई बायकांच्याच वाट्याला येते, असं तुम्ही लिहिलं आहे. भांडं पुरुषांसाठी बसतं आहे. दर आठवड्याला लिंबूसत्त्व ओतणं आणि दर महिन्याला ट्रॅप उघडून साफ करणं ही कामं ते बसवण्याच्या दिवशीच पुरुषांच्या नावावर लिहून टाका.

प्रश्न: घरात सात माणसं. वरच्या मजल्यावर दुसरा संडास काढतोय. सेप्टिक टाकी आतून ५ फूट लांब, अडीच फूट रुंद, पाणी साडेतीन फूट. दोन संडासांना पुरेल का? (बारामती)

उत्तर: टाकी संडासांवर ठरत नाही, माणसांवर ठरते. संडास एक असो की तीन, सात माणसांचा मैला तेवढाच राहतो. तुमची टाकी आतून साधारण १.५ बाय ०.७५ मीटर आणि पाण्याची खोली १.०५ मीटर आहे. भारतीय मानकात हे माप पाच माणसांसाठी, दोन वर्षांनी उपसण्याच्या हिशोबाने दिलं आहे. दहा माणसांना त्याच हिशोबाने २ बाय ०.९ मीटर आणि पाणी १.४ मीटर लागतं. म्हणजे टाकी आजच तोकडी आहे. दोन वर्षांची वाट न पाहता दर वर्षी उपसली तर निभेल. घर वाढणार असेल, लग्नकार्यं घरीच होत असतील तर आता मोठी टाकी बांधून घ्या.

आत डोकावून दोन गोष्टी तपासून घ्या. टाकीत येणाऱ्या पाइपाला टी आकाराचा तुकडा हवा आणि त्याचा खालचा पाय पाण्यात फूटभर बुडालेला हवा, म्हणजे वरची साय ढवळली जात नाही. आणि बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा ५० मिमी खाली हवा. पाहणी झाकणाबाहेरून, बॅटरीने करा. वास घ्यायला तोंड खाली नेऊ नका, काडी ओढू नका.

वरच्या मजल्याचा उभा पाइप जमिनीशी वळतो तिथे ४५ अंशाचे दोन बेंड आणि लगेच एक चेंबर द्या. हवेचा पाइप, टाकी घराजवळ असेल तर, घराच्या माथ्याच्या २ मीटर वर न्यावा आणि तोंडाला डासांची जाळी बांधावी. पावसाचं पाणी टाकीत सोडू नका. मैला स्थिरावायच्या आत बाहेर ढकलला जातो. टाकीतून निघणारं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. ते शोषखड्ड्यातच जाऊ द्या.

टाकी उपसायला यंत्राचा टँकरच बोलवा. माणूस आत उतरवायचा नाही. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात, प्राणवायू नसतो, एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. मजुरी वाचते म्हणून घरातल्या कुणी उतरायचं म्हटलं तरी अडवा.

प्रश्न: घर जांभ्याच्या कातळावर आहे. मागच्या अंगणात मुलाच्या कुटुंबासाठी दोन खड्ड्यांचा संडास बांधायचा आहे. विहीर तिथून तीस फुटांवर, उताराच्या खालच्या अंगाला. पंचायतीत सांगितलं, तीस फूट पुरे. (चिपळूण तालुका)

उत्तर: मातीच्या जमिनीत तीस-बत्तीस फूट, म्हणजे दहा मीटर, पुरे होतं. माती बारीक असते, पाणी तिच्यातून हळूहळू पाझरतं आणि जंतू वाटेतच मरतात. जांभ्यात चिरा आणि पोकळ्या असतात. पाणी गाळलं जात नाही, वाहतं. त्यात विहीर उताराच्या खाली. ही जागा सोडा. संडास विहिरीच्या खालच्या अंगाला घ्या आणि अंतर पन्नास फुटांच्या वर ठेवा.

तसं अजिबातच जमत नसेल तर खड्डा उथळ घ्या, अर्धा जमिनीच्या वर येऊ द्या आणि भोवती मातीचा भराव करा. बूड सिमेंटने बंद करा आणि बाजूंनी अर्धा मीटर जाडीची बारीक वाळू भरा, म्हणजे जांभा गाळत नाही ते काम वाळू करेल. पाऊसकाळात विहिरीचं पाणी किती वर येतं ते खुणेने बघून ठेवा. खड्ड्याचं बूड त्या पातळीच्या दोन मीटर वर असावं. कोकणात ही अट मे महिन्यात पाळलेली दिसते आणि जुलैत मोडलेली असते, म्हणून माप पावसात घ्या. त्यानंतरही विहिरीचं पाणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे देऊन पावसाआधी आणि पावसात असं दोनदा तपासून घ्या, आणि पिण्याचं पाणी उकळा.

खड्ड्यांचं माप: आतून एक मीटर व्यास, पाइपाखाली एक मीटर खोली. माणशी वर्षाला साधारण ४५ लिटर गाळ साठतो, त्यामुळे पाच माणसांना एक खड्डा तीन वर्षं जातो. दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर ठेवा. एका वेळी एकच खड्डा चालू, दुसरा चेंबरमध्ये विटेने आणि चिखलाने बंद. पुष्कळ घरी दोन्ही तोंडं उघडी ठेवतात, म्हणजे जास्त दिवस जाईल या समजुतीने. दोन्ही खड्डे बरोबरच भरतात आणि ओला मैला उपसायची वेळ येते. एक भरला की दुसरा सुरू करा, पहिला किमान दीड वर्ष झाकून ठेवा. त्याचं मातीसारखं, वास नसलेलं खत होतं. भांडं खोल उताराचं, २० मिमी पाणी धरणाऱ्या ट्रॅपचं घ्या. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. इथे दहा लिटरचा फ्लश लावला तर खड्डा पाण्याने भरेल. हवेचा पाइप लागत नाही, वायू जमिनीत मुरतो.

प्रश्न: चाळीत दहा बाय बाराची खोली, आत मोरी. आईचे गुडघे गेलेत, गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासापर्यंत रात्री जाता येत नाही. मोरीतच कमोड बसवता येईल का? (गिरगाव)

उत्तर: एकट्याने, या मोरीत, नाही. मोरीचा पाइप अडीच-तीन इंची असतो आणि तो सांडपाण्याच्या वाटेने जातो. मैला त्यात पहिल्या आठवड्यात तुंबतो आणि उलटतो तो खालच्या बिऱ्हाडात. चाळीची जमीन बहुधा लाकडी तुळयांवर असते. तिला भराव, कोबा आणि सततची ओल सोसत नाही. तुळईची भिंतीतली टोकं आधी कुजतात आणि ती वरून दिसत नाहीत.

होण्यासारखं आहे ते असं: तळमजल्यापासून वरपर्यंत एकाखाली एक असलेल्या सगळ्या खोल्यांनी मिळून मागच्या भिंतीबाहेर नवा चार इंची उभा पाइप घ्यायचा, तो खाली मैल्याच्या चेंबरला जोडायचा, आणि मोरीखालच्या तुळया इंजिनिअरकडून तपासून बदलून घ्यायच्या. त्याला घरमालकाची संमती, महापालिकेची मंजुरी, आणि इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी, असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची परवानगी लागेल. वेळ जाईल.

आईला मात्र आज रात्री सोय हवी. कमोड खुर्ची घ्या: हात असलेली, खाली झाकणाचं भांडं, पायांना रबरी टोप्या, चाकं नकोत. भांड्यात आधी दोन इंच पाणी घालून ठेवलं की धुणं सोपं जातं. मोरीला पूर्ण उंचीचा पडदा लावा. बंद टाकीचं हलवता येणारं फ्लश कमोडही मिळतं; त्याची टाकी वीस लिटरच्या आसपासची असते आणि भरल्यावर ती वीस किलोंवर जाते, हे उचलणाऱ्याने लक्षात घ्यावं. दोन्हींतला मैला सार्वजनिक संडासातच ओता, मोरीत नव्हे. आणि आई संध्याकाळनंतर पाणी प्यायचं टाळते का, हे विचारा. रात्री उठावं लागू नये म्हणून अनेक जणी तहान मारतात, त्यातून बद्धकोष्ठ आणि लघवीचा दाह होतो. खुर्ची आल्यावर पुन्हा पाणी प्यायला लावा.

प्रश्न: तळमजल्याच्या जिन्याखाली आजीसाठी संडास होईल का? रुंदी साडेतीन फूट, उंच बाजूला सात फूट, कमी होत चार फूट. बाहेरच मैल्याचं चेंबर आहे. (नाशिक)

उत्तर: होईल, आणि चेंबर लागूनच असल्याने पाइपाचा प्रश्नही सुटलेला आहे. कमोडची टाकी कमी उंचीकडे, दार उंच बाजूला. बसलेला माणूस उठताना आधी पुढे झुकतो आणि मग वर येतो, त्यामुळे बैठकीच्या पुढच्या कडेवर साडेसहा फूट मोकळे हवेत. फरशीवर खडूने कमोड आखा, तिथे खुर्ची ठेवा आणि आजीला तीनदा बसवून उठवा. डोक्याजवळ जिन्याचा उतार येत असेल तर कमोड पुढे घ्या.

बैठक १७-१८ इंच उंच असावी. कमोडचा मध्य एका भिंतीपासून १६-१८ इंचांवर ठेवा आणि त्या भिंतीला आडवा आधारदांडा फरशीपासून २७-२८ इंचांवर लावा. दांडा दीड इंचापेक्षा जाड नको, हाताची मूठ पूर्ण मिटली पाहिजे. तो विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर बोल्टने बसवा. जिप्समच्या भिंतीला किंवा नुसत्या टाइलला लावलेला दांडा ऐन वेळी हातात येतो. बसवल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने लोंबकळून बघावं.

उंबरठा ठेवू नका; पाणी अडवायला दाराशी अर्ध्या इंचाचा सपाट उतार पुरतो. फरशी खरखरीत, पाय न घसरण्याच्या मापात आर दहा किंवा आर अकरा दर्जाची. जेट स्प्रे उजव्या हाताला, दांड्याच्या पुढे. मागे वळून घ्यावा लागला तर तोल जातो. दिव्याचं बटण दाराबाहेर साडेतीन फुटांवर आणि पलंगापासून दारापर्यंत एक मंद दिवा रात्रभर. जिन्याखाली खिडकी नसेल तर छोटा एक्झॉस्ट पंखा दिव्याच्या बटणावरच जोडा.

दार ३२ इंच रुंद आणि बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दाराआड माणूस पडला तर दार त्याच्याच अंगावर अडकतं आणि आत जाता येत नाही. कडी नाण्याने बाहेरून फिरवता येईल अशी लावा, आणि ती कशी फिरवायची हे घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा.